जुन्या हर्क्युलिसच्या धडात रुग्णवाहतुकीचा सराव: काय ठेवावं, काय काढावं?

घार

नमस्कार मंडळी.

गेले सात महिने एका जुन्या सी-१३० हर्क्युलिस या लष्करी मालवाहू विमानाच्या धडावर काम करतोय. त्याचं उडणं कधीच थांबलं. पंख मुळापासून उतरवले, चारही इंजिनं सुट्या भागांसाठी गेली, शेपूट तेवढं शाबूत आहे. जखमींना आणि आजाऱ्यांना विमानातून नेणाऱ्या वैद्यकीय पथकांना सराव करता यावा म्हणून हे धड तयार करायचं आहे. पत्रा, रिव्हेट, फ्रेम, गंज, हायड्रॉलिकच्या नळ्या यांत माझी तीस वर्षं गेली, तेवढं मला कळतं. स्ट्रेचरवरच्या माणसाचं काय होतं ते कळत नाही. म्हणून हा धागा.

आधी झालेलं काम सांगतो. कुणी असंच काही अंगावर घेणार असेल तर उपयोगी पडेल.

पहिले दोन महिने नुसते धोके बाहेर काढण्यात गेले. नळ्यांत उरलेलं इंधन आणि हायड्रॉलिक तेल, दाबाखालचे ऑक्सिजनचे सिलिंडर, नायट्रोजन भरलेले अ‍ॅक्युम्युलेटर (हायड्रॉलिकचा दाब साठवणाऱ्या टाक्या), आणि आग विझवायच्या बाटल्या. या बाटल्यांच्या तोंडाशी छोटं स्फोटक काडतूस असतं, ते आधी निकामी करावं लागतं. फार जुन्या विमानांत घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा किरणोत्सारी रंग सापडतो, त्या तबकड्या रीतसर वेगळ्या काढून द्याव्या लागतात. आतल्या हिरव्या-पिवळ्या प्रायमरमध्ये क्रोमेट असतं. ते कोरडं घासलं की धूळ उडते आणि ती धूळ फुप्फुसात जाणं म्हणजे कर्करोगाला दार उघडून देणं. ओलं करूनच घासायचं, योग्य मास्क लावून. ‘आता कुठे हे उडतंय, काय होतंय त्याला’ असं जो म्हणेल त्याला मी त्या दिवशी कामावर घेत नाही.

दुसरी गोष्ट तोलाची, आणि इथे माझी चूक झाली. विमानाचा तोल पंख, इंजिनं, नाकातली रडारची उपकरणं असं सगळं धरून बसवलेला असतो. आम्ही नाक रिकामं केलं, कॉकपिटमधून बरंच सामान काढलं आणि शेपूट तसंच ठेवलं. चौथ्या महिन्यात रॅम्पवर, म्हणजे शेपटाखालच्या उतरत्या दारावर, दोन स्ट्रेचर आणि आठ माणसं एकदम चढली आणि पुढचं चाक जमिनीपासून चार बोटं उचललं गेलं. सावकाश वर गेलं, सावकाश खाली आलं. कुणाला लागलं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. चालत्या विमानालाही जड माल चढवताना रॅम्पखाली टेकू देतात, हे मी आयुष्यभर केलंय, आणि नेमका इथे विसरलो. आता मुख्य फ्रेमच्या खाली पोलादी पाळणे आहेत, ते काँक्रीटमध्ये पक्के केलेत. रॅम्पखालचा टेकू कायमचा आहे, काढता येत नाही.

मालकक्ष साधारण १२ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि पावणेतीन मीटर उंच आहे. स्ट्रेचर एकावर एक पाच मजले लावले तर या विमानात ७४ मावतात, लांब धडाच्या प्रकारात ९७. जमिनीवर दर २० इंचांवर बांधणीची कडी आहे, एकेक कडी १०,००० पौंड पेलणारी. हे सगळं जसंच्या तसं मिळालंय.

आता प्रश्न. काम देणाऱ्यांचं म्हणणं आहे की आत नवं अस्तर लावा, पांढरे दिवे लावा, स्वच्छ रंग द्या, पाहुणे येतात. माझं मन ते घेत नाही, पण का घेत नाही हे मला नीट मांडता येत नाहीये. आतल्या रुग्णांबरोबर ज्यांनी प्रवास केलाय त्यांनी सांगा, काय ठेवू आणि काय काढू?

निशिगंध

घारदादा, नवं करू नका. हात जोडून सांगते.

मी अतिदक्षता विभागात नर्स आहे. नऊ वर्षं हवाई रुग्णवाहतुकीच्या पथकात होते. पहिल्या उड्डाणाआधी माझा सराव एका छान वर्गात झाला होता. पलंग कमरेएवढ्या उंचीवर, चहूबाजूंनी फिरायला जागा, मॉनिटर डोळ्यांसमोर, आणि शांतता. खरं विमान सुरू झालं तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत माझे कान गेले. गेले म्हणजे उपयोगाचे राहिले नाहीत. हर्क्युलिसच्या पोटात आवाज ९० डेसिबलच्या वरच असतो. स्टेथोस्कोप गळ्यात नुसता लटकतो. व्हेंटिलेटरचा अलार्म वाजतोय हे कळतच नाही, त्याचा दिवा दिसला तर कळतं. रुग्ण कण्हला तर ऐकू येत नाही. शेजारच्या सहकाऱ्याला ‘सक्शन दे’ म्हणायचं तर खांद्यावर थाप मारून खुणेनं सांगावं लागतं.

रुग्णालयात आपण किती गोष्टी कानांनी करतो हे मला त्या दिवशी समजलं. मॉनिटरचा टिक-टिक सूर खाली उतरला की पाठमोरे असतानाही आपण वळतो. नळीत स्राव साठला की घरघर ऐकू येते. विमानात हे सगळं डोळ्यांना आणि तळहाताला करावं लागतं. छातीवर हात ठेवून दोन्ही बाजू सारख्या उचलतात का ते बघायचं. दर काही मिनिटांनी मॉनिटरकडे मुद्दाम बघायची सवय लावून घ्यायची. ही सवय वर्गात शिकवून लागत नाही, कारण वर्गात कान चालू असतात.

दुसरं म्हणजे पोहोच. मधल्या मजल्यावरच्या रुग्णाचं सगळं करता येतं. सर्वांत खालच्याचं गुडघ्यांवर बसून, वरच्याचं टाचा उंचावून. दोन मजल्यांमध्ये जेमतेम हात जाईल एवढीच जागा. म्हणून तर ज्याला सारखं बघावं लागणार त्याला मध्ये ठेवतात. मजल्यांमधलं अंतर तुम्ही ‘सोयीसाठी’ चार इंचांनी जरी वाढवलंत तरी सरावातला अर्धा जीव गेला.

तिसरं, उजेड. रात्री पांढरा दिवा नेहमी चालत नाही. लाल उजेडात रक्त दिसत नाही, ओठ निळे पडले तरी कळत नाही. चादरीखाली हात घालून ओलं लागतंय का बघावं लागतं.

आणि उड्डाणाच्या, उतरण्याच्या वेळी आम्हालाही पट्टा बांधून बसावं लागतं. समोर रुग्ण, हातभर अंतर, आणि उठायचं नाही. ती मिनिटं फार लांब असतात. त्यासाठी भिंतीलगतच्या जाळीच्या बैठका हव्यातच. त्या काढल्या असतील तर परत बसवा.

कैवल्य७

मी सॉफ्टवेअरमधला माणूस, त्यामुळे वेगळी बाजू मांडतो. निशिगंधताईंनी जे सांगितलं त्यातलं काय प्लायवूडच्या खोक्यात होणार नाही? ३ बाय १२ मीटरचं खोकं, आत खऱ्या अंतरावर स्ट्रेचर, स्पीकर, लाल दिवे. क्रोमेट नाही, रेडियम नाही, तोल जायचा प्रश्न नाही. आणि आता डोळ्यांवर चढवायचे व्हीआर संच आहेत, त्यात हवं ते विमान दाखवता येतं. दोन महिने धोके काढण्यात गेले म्हणता, ते वाचले असते. मला खरोखर समजून घ्यायचंय, खऱ्या धडानं असं काय मिळतं?

दीपमाळ

कैवल्य, प्रश्न योग्य आहे. मी वैद्यकीय सिम्युलेशन शिकवते. व्हीआरबद्दल माझा अनुभव असा की निर्णयांचा क्रम शिकवायला ते चांगलं. पण चौघांनी ७० किलोचा पुतळा, त्याच्या पायांवर मॉनिटर, मांड्यांमध्ये ऑक्सिजनचा सिलिंडर, असं ओझं घेऊन चढत्या रॅम्पवरून जाणं, हे संच डोळ्यांवर चढवून होत नाही. पुढच्या दोघांची उंची मागच्यांपेक्षा कमी असेल तर काय होतं, सलाईनची नळी कुठे अडकते, कोण ‘थांबा’ म्हणतं, हे अंगाला कळावं लागतं.

प्लायवूडला मात्र मी नाही म्हणणार नाही. ज्यांना धड मिळत नाही त्यांनी खुशाल खोकं बांधावं.

जुनी_वही

कैवल्यच्या बाजूनं इतिहासातला एक दाखला. पहिल्या फ्लाइट नर्सची तुकडी अमेरिकेत केंटकीतल्या बोमन फील्डवर शिकून १८ फेब्रुवारी १९४३ रोजी बाहेर पडली. ३९ जणी होत्या. समारंभात हवाई दलाचे वैद्यकीय प्रमुख डेव्हिड ग्रँट यांच्या लक्षात आलं की या नर्सेसना द्यायला वेगळं पदचिन्हच कुणी बनवलेलं नाही. त्यांनी स्वतःच्या गणवेशावरचं फ्लाइट सर्जनचं चिन्ह काढलं आणि पहिली आलेल्या जेराल्डिन डिशरून यांना लावलं. पुढे तिथला स्ट्रेचर चढवण्या-उतरवण्याचा सराव विमानाच्या धडाच्या नकली सांगाड्यांत होत असे. म्हणजे खोक्याची परंपराही तेवढीच जुनी आणि मानाची आहे.

त्याच्याही आधी, १९१८ साली लुइझियानात नेल्सन ड्रायव्हर आणि विल्यम ऑकर यांनी कर्टिस जेनी या सरावाच्या विमानाची मागची बैठक बदलून त्यात स्ट्रेचर बसवला होता. विमान हाताशी असेल ते घ्यायचं आणि रुग्णासाठी बदलायचं, हे तेव्हापासून चालू आहे.

टिटवी

वाचतेय. १८७० साली पॅरिसच्या वेढ्यातून जखमींना बलूनमधून बाहेर काढलं होतं ना? तीच पहिली हवाई रुग्णवाहतूक असं शाळेत असताना कुठेतरी वाचलेलं आठवतं.

जुनी_वही

टिटवी, हे बऱ्याच पुस्तकांत छापलेलं आहे, तरी ते खरं नाही. त्या वेढ्यातून बलून निघाले हे खरं. त्यांतून टपाल गेलं, कबुतरं गेली, काही माणसं गेली. बलूनच्या प्रवाशांच्या नोंदी आहेत, त्यांत जखमी सैनिक नाहीत. एकानं लिहिलं, पुढच्यांनी उतरवून घेतलं, असं झालं.

पाना_पेंचिस

घारकाका, विजेचं काय केलंत? मी विमानाच्या विद्युत शाखेत होतो, आणि अशा कामात लोक नेमके इथेच हात पोळून घेतात.

विमानात ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झ एसी असतो आणि २८ व्होल्ट डीसी. जमिनीवरच्या घरगुती विजेची वारंवारता ५० किंवा ६०. ४०० हर्ट्झसाठी बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा छोटा असतो, तोच तर विमानात वजन वाचवायचा मार्ग. त्याला व्होल्टेज तेवढंच ठेवून ५० हर्ट्झ दिले तर गाभा संपृक्त होतो, प्रवाह भडकतो आणि गुंडाळी जळते. एका ठिकाणी आतले जुने ट्यूबलाइट ‘बघू लागतात का’ म्हणून थेट जोडले होते. दोन मिनिटांत धूर. बंद पत्र्याच्या नळकांड्यात, आत माणसं असताना. तेव्हापासून माझा एकच सल्ला: जुनी वायरिंग दोन्ही टोकांना तोडा, खुणेची पट्टी लावा, आणि सगळं नवीन ओढा. जुन्या दिव्यांच्या घरात २८ व्होल्टचे एलईडी बसवा, त्यांना जमिनीवरच्या पुरवठ्यातून डीसी द्या. धड नीट अर्थ करा, आणि गळती पकडणारा ब्रेकर लावाच. भिजलेले बूट, सांडलेलं सलाईन आणि धातूची जमीन यांचा विचार करून.

पण एक गोष्ट मुद्दाम ठेवा. वैद्यकीय उपकरणांना विमानाची ४०० हर्ट्झ वीज थेट चालत नाही, मध्ये वारंवारता बदलणारा कन्व्हर्टर लागतो. पथकाला तो ओळखता, जोडता, बंद पडला तर सांभाळता आला पाहिजे. म्हणून सरावात भिंतीवरच्या सॉकेटमध्ये थेट प्लग खुपसू देऊ नका. कन्व्हर्टरच्या जागी खऱ्यासारखा डबा ठेवा, आत साधा रिले (विजेनं चालणारा स्विच), आणि त्याचं बटण शिकवणाऱ्याच्या हातात. हवं तेव्हा ‘वीज गेली’. मग कळतं कुणाच्या पंपाची बॅटरी चार्ज केलेली होती.

घार

पाना_पेंचिस, रिलेचा डबा आजच वहीत लिहून घेतला. जुनी वायरिंग आम्ही तोडली आहे, पण दोन्ही टोकांना नाही. उद्या सकाळी पहिलं काम ते.

कैवल्य, तुम्ही विचारलंत त्यावर दोन रात्री विचार केला. धडाची भिंत सरळ नाही, आत झुकलेली आहे. फ्रेमच्या कडा खांद्याला लागतात. डोक्यावर नळ्या, केबल, जाळ्या. पायाखाली कडी, तिच्यात बुटाचं टोक अडकतं. यातलं एकेक प्लायवूडमध्ये बनवता येईल, पण ते बनवणाऱ्याला आधी माहीत असावं लागेल. धडात ते मला माहीत नसतानाही आहेच. मला वाटतं उत्तर हे आहे. निशिगंधताई सांगेपर्यंत जाळीच्या बैठका मी भंगारात काढायला निघालो होतो.

पांढऱ्या अस्तराचा बेत रद्द झाला. ताईंचा प्रतिसाद छापून बैठकीत वाचून दाखवला. कुणी काही बोललं नाही.

आता आवाज. स्पीकर कुठले, किती? कुणी ध्वनीतलं आहे का इथे?

सलील

आहे. आनंदानं मदत करतो.

हर्क्युलिसचा आवाज म्हणजे मुख्यतः पंख्यांचा, प्रोपेलरचा आवाज. याचे पंखे १०२० फेऱ्या प्रतिमिनिट याच गतीवर फिरत राहतात, पायलट जोर कमी-जास्त करतो तो पात्यांचा कोन बदलून. १०२० फेऱ्या मिनिटाला म्हणजे सेकंदाला १७. जुन्या प्रकारात चार पाती, म्हणून मूळ ठोका ६८ हर्ट्झ. नव्या जे प्रकारात सहा पाती, तिथे १०२. तुमचं धड जुनं आहे, तेव्हा आवाज मिळवताना हे तपासा. मला एकदा एकानं नव्या विमानाचं ध्वनिमुद्रण आणून दिलं होतं, जुन्या विमानावर नोकरी केलेल्या एका गृहस्थांनी डोळे मिटून ऐकलं आणि ‘हे आपलं विमान नाही’ म्हणाले.

६८ हर्ट्झ हा सूर कानापेक्षा छातीला आणि तळपायाला जास्त जाणवतो. साध्या स्पीकरमधून तो नीट येत नाही. जमिनीच्या आडव्या बीमला बास शेकर (आवाजाऐवजी थरथर देणारी यंत्रं) बोल्टनं घट्ट बसवा, चार ते सहा, आणि दोन स्ट्रेचरच्या खांबांना. स्ट्रेचर थरथरला की नाडी बोटाला सापडत नाही, रक्तदाबाचं यंत्र चुकीचे आकडे देतं किंवा आकडाच देत नाही. वरचा घोंगाट छताच्या जाळ्यांमागे लपवलेल्या स्पीकरमधून. चारही पंखे अगदी एका तालात नसले की आवाज हळू चढ-उतार करतो, ‘वूं-वूं-वूं’ असा. तोही मिसळा, त्यानं माणूस थकतो.

आता कळकळीची गोष्ट. हा आवाज खराच मोठा असला तर कानही खरेच जातील. रूढ हिशेब असा: ८५ डेसिबलला आठ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ९४ ला उघड्या कानांनी फक्त एक तास. इअरप्लग आणि वर हेडसेट हे सरावाचाच भाग करा, त्याशिवाय कुणाला आत सोडू नका. प्रशिक्षकांना तर दिवसात चार तुकड्या घ्यायच्या असतात, त्यांचा हिशेब वेगळा ठेवा.

निशिगंध

सलील, तुमचं वाचताना अंगावर काटा आला. ती थरथर मी विसरले होते, हातांना मात्र आठवतेय.

घारदादा, एक विषय राहिला. तो सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तो तुमच्या धडात खरा करताच येणार नाही: हवेचा दाब.

केबिनमधला दाब साधारण ८,००० फूट उंचीवर असतो तेवढा उतरू शकतो. समुद्रसपाटीला ७६० मिलिमीटर पारा, तिथे साधारण ५६५. म्हणजे पाऊण. त्याचे दोन परिणाम. एक, तेवढ्याच श्वासात ऑक्सिजन कमी. धडधाकट माणसाला फरक जाणवत नाही. ज्याचं फुप्फुस आधीच काठावर आहे त्याच्या रक्तातली ऑक्सिजनची पातळी ९४ टक्क्यांवरून बघता बघता ८६ होते. दुसरा, शरीरात कोंडलेली हवा एक तृतीयांशानं फुगते. छातीत हवा कोंडली असेल, पोटाची नुकती शस्त्रक्रिया झालेली असेल, डोळ्याला आरपार इजा होऊन आत हवा गेली असेल, तर जमिनीवर स्थिर असलेला माणूस वर गेल्यावर बिघडतो.

मला सगळ्यांत धास्ती असायची ती श्वासनळीतल्या ट्यूबच्या कफची, म्हणजे ट्यूब घट्ट बसवणाऱ्या हवेच्या फुग्याची. त्यातला दाब २० ते ३० सेंटिमीटर पाणी एवढा असावा. विमान वर चढलं की कफमधली हवा फुगते आणि आतून श्वासनळीच्या अस्तराला दाबत राहते, तिथलं रक्त थांबतं. बाहेरून काहीही दिसत नाही. अलार्म नाही. दाबमापक लावून बघणाऱ्यालाच कळतं. उतरताना उलट. काढलेली हवा परत भरली नाही तर कफ सैल पडतो आणि गळती सुरू.

डॉक्टर पायलटला सांगू शकतात की केबिनची उंची ५,००० फुटांच्या आत ठेवा. पण मग विमानाला खालून उडावं लागतं, इंधन जास्त जातं, वेळ वाढतो, आणि वेळ वाढला की सोबत न्यायचा ऑक्सिजन वाढतो. शिकणाऱ्यांना ही साखळी एका बाजूनं ओढून दुसऱ्या टोकाला काय हलतं ते दाखवलं पाहिजे.

दाब खरा कमी करता येत नसेल तर यातलं काही दाखवता येईल का?

घार

ताई, धडात आम्ही केबलसाठी भोकं पाडली आहेत, आता ते दाब धरणार नाही. धरलं असतं तरी जुन्या, थकलेल्या पत्र्यात माणसं बसवून दाबाचे खेळ मी केले नसते. त्यासाठी वेगळे दाबकक्ष असतात. पण कफचं मी वाचलं आणि कार्यशाळेत गेलो. पुतळ्याच्या ट्यूबच्या कफला बारीक नळी जोडली, ती गादीखालून, स्ट्रेचरच्या खांबातून काढून भिंतीपलीकडे नेली. टोकाला ५० मिलिलिटरची सिरिंज. ‘विमान’ चढायला लागलं की प्रशिक्षकानं हळूहळू दट्ट्या दाबायचा. कफ खरंच कडक होतो आणि दाबमापकाचा काटा खरंच चढतो. कुणी लावलाच नाही तर कुणाला कळत नाही, अगदी तुम्ही म्हणता तसं.

दीपमाळ

घारदादा, ही सिरिंज मी आमच्याकडेही करणार.

प्रशिक्षकाच्या जागेबद्दल थोडं. कॉकपिट रिकामं आहे म्हणालात, तर नियंत्रणकक्ष तिथेच करा. कॅमेरे तीन तरी हवेत: एक रॅम्पकडून, एक मधल्या मजल्यावर, एक छतावरून खाली. कमी उजेडात दिसणारे. सरावात काय घडलं यावर नंतर एकत्र बसून बोलणं हाच खरा वर्ग, आणि त्या वेळी ‘मी सांगितलं होतं’, ‘मला ऐकूच आलं नाही’ हे वाद निघतात. चित्र बघितलं की वाद उरत नाही. दिसतं की सांगणाऱ्यानं सांगितलं, पण पाठीमागून.

आणि खरोखरचा धोका. अंधार, कर्णकर्कश आवाज, धूर सोडलात तर धूर, अशात एखाद्याला खरंच चक्कर आली तर कुणाला कळणार? म्हणून आत कुठूनही हाताला लागेल असं लाल बटण ठेवा, दाबलं की आवाज बंद, पांढरे दिवे चालू, दोन्हीकडची दारं मोकळी. प्रत्येक तुकडीला सुरुवातीलाच ते एकदा दाबायला लावायचं. धुराच्या यंत्रानं दमेकऱ्यांना त्रास होतो, आधी विचारून घ्या. उन्हात धडाचा पत्रा फार तापतो, हवा खेळती नसेल तर माणसांआधी पुतळ्याची इलेक्ट्रॉनिक्स बंद पडते. जुने हवेचे डक्ट शाबूत असतील तर त्यांनाच थंड हवा जोडा.

कैवल्य७

मान्य आहे, घारदादा. ‘मला माहीत नसतानाही ते आहेच’ हे पटलं. नियंत्रणकक्षाचं सॉफ्टवेअर लिहायला माणूस हवा असेल तर मी मोकळा आहे. पैसे नकोत.

घार

दोन महिन्यांनी लिहितोय, माफी असावी. कैवल्य रोज रात्री माझ्याशी बोलायचा, त्यामुळे धाग्यावर यायचं राहून गेलं. त्यानं पुतळ्याचे आकडे, रिले, आवाज आणि दिवे एकाच पडद्यावर आणून दिलेत.

काल पहिली पूर्ण लांबीची फेरी झाली. सहा रुग्ण, त्यातला एक व्हेंटिलेटरवर. पथक पाच जणांचं, दोन नर्स आणि तीन तंत्रज्ञ, शिवाय व्हेंटिलेटरच्या रुग्णासाठी तिघांचं वेगळं पथक: डॉक्टर, नर्स, श्वसनोपचार तंत्रज्ञ. तीन तासांचं उड्डाण ठरवलेलं. मी कॉकपिटमध्ये दीपमाळताईंच्या शेजारी बसलो होतो. त्या मुद्दाम आल्या.

ऑक्सिजनचा हिशेब सांगतो, कारण तिथे मी सगळ्यांत जास्त शिकलो. रुग्णाला मिनिटाला १० लिटर. पथकानं ई आकाराचे तीन सिलिंडर घेतले, एकेकात साधारण ६८० लिटर, म्हणजे २०४० लिटर. २०४ मिनिटं पुरेल. उड्डाण १८० मिनिटांचं. मला वाटलं, पुरे की. दीड तास झाल्यावर दीपमाळताईंनी माइकवर सांगितलं, ‘उतरायच्या ठिकाणी हवा खराब, दुसरीकडे जातोय, ८० मिनिटं जास्त.’ आत सगळे थबकले. ९०० लिटर संपलेले, ११४० उरलेले, आणि वेळ उरला १७० मिनिटं. तंत्रज्ञानं स्वतःच्या मांडीवर भागाकार केला: मिनिटाला साडेसहा लिटरच्या वर जाता येणार नाही. डॉक्टरला ओरडून सांगायचा प्रयत्न केला, ऐकू गेलं नाही. मग तिनं मांडीवरचा आकडा दाखवला. डॉक्टरनं ऑक्सिजनचं प्रमाण थोडं थोडं उतरवलं, प्रत्येक वेळी बोटावरच्या यंत्राकडे बघत. ९१ वर स्थिरावलं. विमान ‘उतरलं’ तेव्हा शेवटच्या सिलिंडरचा काटा तळाला टेकायला आला होता.

कफची सिरिंज मी स्वतः दाबली. बावीस मिनिटं कुणी बघितलं नाही. मग एका नर्सनं खिशातून दाबमापक काढला, लावला, काटा बघितला आणि क्षणभर तशीच थांबली. नंतर चर्चेत ती म्हणाली, ‘मला वाटलं तुमचं यंत्र बिघडलंय.’

वीज दोनदा घालवली. एका पंपाची बॅटरी मेलेली निघाली.

रॅम्पवर मी स्वतः उभा होतो, चढवताना आणि उतरवताना. टेकू जागच्या जागी होता. तरी नजर पुढच्या चाकावर जात होती.

एक अडचण आली, ती तुम्हालाच विचारतो ताई. औषध दिल्याची वेळ नर्सनं रुग्णाच्या ब्लँकेटवर चिकटपट्टी लावून तिच्यावर लिहिली, तुम्ही फोनवर सांगितलं होतंत तशी. लाल पेनानं लिहिली. आम्ही दिवे लाल केले आणि ते अक्षर गायब झालं. पाळी बदलल्यावर दुसरीनं कोरी पट्टी बघितली आणि तेच औषध पुन्हा भरायला घेतलं. दीपमाळताईंनी बटण दाबून थांबवलं. तुम्ही कुठलं पेन वापरायचात?

निशिगंध

काळं, जाड टोकाचं. गणवेशाच्या दोन खिशांत दोन. लाल पेन विमानात चढण्याआधी सगळ्यांकडून काढून घ्यायचे, रॅम्पच्या तोंडाशी एक डबा ठेवा त्यासाठी. आणि चिकटपट्टी ब्लँकेटवर लावू नका दादा, रुग्ण दुसऱ्या स्ट्रेचरवर गेला की ब्लँकेट मागे राहतं. कपाळावर किंवा छातीवर, कातडीलाच लावायची.